वास नसलेली वसाहत

३ मार्च, सोमवार

आज मालकांनी मला कायम केले. सगळ्यांसमोर म्हणाले, "चष्म्याची काच घासावी तर याने. कुणी हात लावला की हा रुमाल शोधतो, तेवढं सोडलं तर पोरगं सोन्यासारखं आहे." सगळे हसले, मीही हसलो. नंतर आठवले की त्यांनी ज्या हाताने पाठ थोपटली त्या हाताला पॉलिशचा लगदा होता. घरी आल्याबरोबर सदरा भिजत घातला.

येताना बसमध्ये एकजण माझ्या मानेवर शिंकला. थेंब जाणवले. "माफ करा हं," म्हणाला आणि पुन्हा शिंकला. धरायचा दांडा ओला होता, कशाने ते पाहायचा धीर झाला नाही. नोकरी कायम झाली म्हणजे हा दांडाही कायम झाला, असे मनात आले. तेव्हाच ठरवले की कारखान्यापासून चालत जाता येईल अशा वस्तीत भाड्याने घर घ्यायचे. कामाला चालत, बाजारात चालत, दवाखान्यात चालत.

आईला सांगितले. तिने विचारले, "मलाही चालता येईल का तिथे?"

"सगळ्यांनाच येईल. म्हणून तर घ्यायचं."

"मग घे," म्हणाली.

इथे ती हल्ली बाहेर पडतच नाही. हमरस्ता ओलांडायचा कंटाळा येतो म्हणते.

५ मार्च, बुधवार

चहाच्या कपात आत कालच्या सायीचे कडे होते. ओठाला काहीतरी मऊ लागले तेव्हा कळले. सगळा चहा मोरीत ओतला. परवा कोबीत अळी होती, शिजलेली. आज ओट्यावर मेलेली माशी आणि तिला अगदी चिकटून चिरलेला कांदा.

हीच आई लहानपणी रोज माझी नखे तपासायची. दुसऱ्यांच्या घरी पाणी पिताना पेला उजेडात धरून बघायचा, हे मला तिनेच शिकवले. मी असा झालो तो तिच्यामुळे, आणि आता ती अशी झाली आहे. वय झाले की माणूस सैल पडतो म्हणतात, पण तिचे वय काही इतके नाही. घर बदलायला तोंडाने हो म्हणते आणि राग भांड्यांवर काढते, असे मला वाटते.

तिच्या चष्म्यावर कायम बोटांचे तेलकट ठसे. तो चष्मा मी केलेला आहे. दोन वर्षांपूर्वी काम शिकत होतो, तेव्हा स्वतःच्या हाताने घासलेली ती माझी पहिली जोडी. रोज संध्याकाळी मीच तो पुसून देतो. ती डोळ्यांवर चढवते, म्हणते, "वा! लख्ख!" आणि ओट्यावरची माशी तशीच.

ताईचा फोन आला. "आईकडे लक्ष आहे ना तुझं? म्हणत होती, किल्ली लागेना म्हणून अर्धी दुपार दारातच बसले."

"लक्षच लक्ष आहे. म्हणून तर मला जेवण जात नाही."

"नाकमुरड्या," ताई म्हणाली, "तुझी बायको आठवड्यात पळून जाईल बघ."

आधी येऊ तर दे, असे म्हणणार होतो, तेवढ्यात तिने फोन ठेवला.

९ मार्च, रविवार

आईला घेऊन घरे बघायला गेलो. दलाल तोंडाला पावडर लावतो, ती घामाने ओघळून कॉलरच्या आत जमली होती. मी त्याच्या मानेकडे बघायचे नाही असे ठरवले होते, तरी बघत राहिलो.

पण वसाहत पाहून मन निवले. रुंद पदपथ, सरळ बसवलेल्या फरशा, गाड्यांना आत मज्जाव. सगळ्या इमारती एकसारख्या, एकाच रंगाच्या, कुठे जाहिरात नाही की थुंकीचा डाग नाही. दूध, दवाखाना, बँक, बाग, सगळे हाकेच्या अंतरावर. कारखानाही चालत जाण्यासारखा. जिन्याच्या भिंतीवरून बोट फिरवून पाहिले. धूळ नाही!

आई मात्र जिथे तिथे हात लावत चालली होती. कठड्याला, भिंतीला, दुसऱ्यांच्या दारांच्या कड्यांना, कचऱ्याच्या डब्याच्या झाकणालासुद्धा. मी पुन्हा पुन्हा सांगितले. शेवटी दलालाच्या देखतच तिच्या हातावर चापट मारली, हलकीच. थोड्या वेळाने माझा दंड धरून चालायला लागली. म्हटले, आता हे काय?

"लेकाचा हात धरावासा वाटला," ती म्हणाली.

"वा, काकू!" दलाल म्हणाला.

बागेपाशी ती थांबली. मान वर करून म्हणाली, "इथे कसलाच वास येत नाही रे."

"तेच तर!" मी म्हणालो.

मग दलालाने आणखी एक जागा दाखवली. ही त्यांची युक्ती असते. आवडलेल्या घरानंतर एक भिकार घर दाखवायचे, म्हणजे गिऱ्हाईक पहिल्याला पटकन हो म्हणते. ती एक गल्ली होती. कोपऱ्यावर पावाची भट्टी. तिचा करपट वास सरतो न सरतो तोच कोंबडीवाला. पिसांचा उघडा डबा, गटारात लालसर पाणी आणि असा दर्प की जिभेवर चव आली. गल्ली तिथेच डावीकडे वळते, सरळ गेले तर मोठा रस्ता. वळणानंतर लाँड्री, तिथे साबणाची कोंदट वाफ. पुढे चपला चिकटवणारा, त्याच्या सोल्यूशनने डोके भणभणले. त्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने द्यायच्या होत्या. दलालाने नाकाला रुमाल लावला. मी तर श्वासच घेत नव्हतो.

आईने माझा दंड सोडला.

"जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येते," म्हणाली आणि एकटी गेलीसुद्धा. परत आली ती सरळ जिन्यापाशी येऊन थांबली. चेहरा असा फुललेला, जणू कुणी माहेरचे भेटले.

"मला हे घर हवं," ती म्हणाली.

दलालाच्या हातातला रुमाल खाली पडला. त्या रस्त्यावर! तो त्याने उचलला आणि परत नाकाला लावला.

१० मार्च, सोमवार

जेवताना भांडण झाले.

"काय आवडलं तुला तिथे? पिसं?"

"माणसं आहेत."

"वसाहतीत काय भुतं राहतात?"

"तिथली माणसं बोलत नाहीत. दारं लावून बसतात. गल्लीत कसं, लाँड्रीवाली गाते, चपलावाला ठोकतो..."

"आणि कोंबड्या ओरडतात. मरताना."

"हो, त्याही."

"तुला घाणीतच राहायचंय का आई?"

"हो," ती म्हणाली. इतक्या शांतपणे, की मी ताट पुढे सरकवले. मग तीच म्हणाली, "तू राहा तुझ्या वसाहतीत. तुला कामाला जवळ आहे. मी ताईकडे जाते."

"ताईकडे तुला करमत नाही."

"नाही करमत. तिथे मला खुर्चीत बसवतात. उठले की 'आई, कुठे निघालीस' म्हणून चौघंजण धावतात. पण बसेन. खुर्ची तरी जागची हलत नाही."

हा सरळ दबाव आहे. मी बधणार नाही.

१४ मार्च, शुक्रवार

ताई सारखी म्हणते, आईचे डोळे दाखव. मग आज मी ते काम नीट केले. सकाळी चष्मा खिशात घालून कारखान्यात नेला आणि नंबर तपासायच्या यंत्रावर दोन्ही काचा लावल्या. जुन्या चिठ्ठीतला नंबर आणि काचेचा नंबर तंतोतंत जुळले. चरा नाही, मध्यबिंदू जागच्या जागी. दोन वर्षांनंतरही! मला फार बरे वाटले. डोळ्यांचा प्रश्न मिटला.

मालक मागे येऊन उभे राहिले. "कुणाचा?"

"आईचा. नंबर तपासला. बरोबर आहे."

"आई कुठंय?"

"घरी."

"मग तपासलंस काय?" असे म्हणून ते निघून गेले. मालकांना थट्टा करायची सवयच आहे.

गंमत म्हणजे दिवसभर चष्मा माझ्याकडे होता, आणि आईने एका शब्दाने तक्रार केली नाही. स्वयंपाक केला, कपडे धुतले. मी चष्मा हातात दिला तेव्हा म्हणाली, "अरे, हा तुझ्याकडे होता होय?" म्हणजे डोळे उत्तमच असणार. निष्काळजीपणा आहे, दुसरे काही नाही. कपाला आजही कडे होते.

१६ मार्च, रविवार

वसाहतीला होकार कळवला. आईने तिचे कपडे वेगळे काढायला घेतले. ताईला सांगितले, पुढच्या महिन्यात आई तुझ्याकडे येईल. ताई म्हणाली, "तिने स्वतः सांगितलं?" हो म्हटले. ताई रडली, का ते कळले नाही. आई आपल्याकडे राहावी असे तिलाच तर वाटत होते.

आता माझे कप मीच धुईन, असा विचार आला आणि सुटल्यासारखे वाटले. मग त्या सुटल्यासारखे वाटण्याची शिसारी आली. आज ज्याची त्याची शिसारीच येते आहे, हे पान इथेच थांबवतो.

२२ मार्च, शनिवार

क्रमाने लिहितो.

दलालाने किल्ल्या दिल्या होत्या. कपाटांसाठी मापे घ्यायची म्हणून वसाहतीत गेलो. आईला मुद्दाम नेले. एकदा एकटीने फिरली की तिचे मत बदलेल असे वाटले. तिच्या हातात एक किल्ली दिली आणि म्हटले, "समोर दुकान आहे, दूध घेऊन ये."

"तू पण चल ना."

"तेच तर दाखवायचंय आई, एकटीने जाता येतं ते."

ती दारात थोडा वेळ उभी राहिली. मग गेली.

माझी मापे झाली, पुन्हा एकदा तपासून झाली, तरी ती येईना. खाली उतरलो. दुकानदार म्हणाला, बाई दूध घेऊन केव्हाच गेल्या. बागेत नाही, बँकेपाशी नाही. शेजारच्या इमारतीत शिरलो तर आधी वास आला. कुत्र्याच्या घाणीचा. मग दिसले. पांढऱ्या फरशीवर चपलेचे ठसे, पिवळट, ओले. मागे फिरणार होतो, पण ठसा ओळखीचा होता. आईच्या उजव्या चपलेची टाच एका बाजूने झिजलेली आहे.

ठसे पहिल्या दाराकडे वळले होते. तिथे दोन्ही पावले जुळवून ती उभी राहिली होती, बराच वेळ असावी, कारण तिथे फरशी जास्त माखली होती. कुलपाभोवती हाताचे डाग. मग दुसऱ्या दाराशी तसेच. मग समोरच्या. मग जिना. प्रत्येक मजल्यावर प्रत्येक दारासमोर जोडलेली दोन पावले, आणि वर वर फिकी होत गेलेली.

वर एक बाई ओरडत होती. "तुमच्या का ह्या? सगळ्यांच्या दारांत किल्ली घालताहेत! चोर म्हणावं की वेडी म्हणावं? आणि हे बघा काय करून ठेवलंय!"

आई पायरीवर बसली होती. मांडीवर दुधाची पिशवी. खरे लिहायचे तर माझ्या मनात पहिल्यांदा आल्या त्या चपला. आई नंतर.

"आलास?" ती म्हणाली. आवाजाच्या दिशेने, पण माझ्याकडे नाही. "अरे, इथे कशाला काही खूणच नाही. भिंती सगळ्या सारख्या. मग एकदम वास आला. म्हटलं, बरं झालं, याच्या मागाने जाऊ. तर बाई, प्रत्येक दाराशी तोच वास! प्रत्येक वेळी वाटायचं, हेच आपलं."

"तो तुझ्या पायाला लागलाय, आई."

पायाकडे हात नेला, थांबवला. आणि हसायला लागली. इतकी हसली की ओरडणारी बाई गप्प झाली. हसता हसता तिने चष्मा काढून डोळे पुसले.

मी खाली बसलो. "माझ्याकडे बघ."

ती बघत होती, पण माझ्या कानाकडे.

"कानाकडे का बघतेस?"

"कानाकडे बघितलं की तुझं तोंड जरासं दिसतं. सरळ बघितलं की मधे सगळा धूर."

"कधीपासून?"

"तू चष्मा केलास त्याच्याही आधीपासून थोडंथोडं."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू ती काच घासून घासून बोटं सोलून घेतली होतीस. आणि काच चांगलीच होती रे. तिची काय चूक?"

त्या बाईकडे फडके मागितले. तिने दिले नाही. माझा रुमाल काढला, जिन्यावरच्या नळाखाली भिजवला, आणि वरच्या मजल्यापासून पुसत खाली आलो. दर दारापाशी थांबून. दोनदा ओकारी आली. आई कठडा धरून मागून उतरत होती. कठड्याला हात लावू नको, असे मी म्हणालो नाही.

हात किती वेळा धुतले कोण जाणे. अजून वास येतो आहे असे वाटते.

२७ मार्च, गुरुवार

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. पडद्याचा मधला भाग गेला आहे. गेलेला परत येणार नाही, कडेचा आहे तो औषधाने जपायचा. वेळेवर आणले असते तर जास्त राहिले असते, हे त्या आईसमोर बोलल्या नाहीत, मला बाहेर बोलावून सांगितले. चष्म्याचा आता उपयोग नाही. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

"काम मात्र सुरेख आहे. कुणी केलाय?"

"यानेच!" आई म्हणाली. तिच्या आवाजातले कौतुक मला नको झाले.

"तुम्ही बसून राहू नका," बाई तिला म्हणाल्या. "जिथे सवयीने फिरता येईल तिथे फिरा. बसलात की संपलं."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "ताईला सांग, खुर्ची अडगळीत टाक म्हणावं."

वसाहतीला नकार कळवला. दलाल म्हणाला, "त्या गल्लीसाठी? अहो, ती मी नाक मुरडायलाच दाखवतो!"

६ एप्रिल, रविवार

गल्लीत राहायला आलो. खिडकी उघडली तर कोंबड्या, लावली तर सोल्यूशन. गादीला वास, पाण्याच्या भांड्याला वास, या वहीलासुद्धा. कारखान्यात मालक माझ्या बाहीजवळ नाक नेऊन म्हणाले, "आता आमच्यात आलास."

आई सकाळी उतरते ती वाटेल तेव्हा येते. पाव आणते, लाँड्रीवालीकडे बसते. लाँड्रीवाली तिला "अगं आक्का" म्हणते आणि गिऱ्हाइकांच्या चादरींवर बसवते. त्या चादरी पुढे कुणाच्या घरी जातात, देव जाणे.

८ एप्रिल, मंगळवार

आज सहन झाले नाही. दुकानासमोरून जाताना एक ओले पीस माझ्या ओठाला येऊन चिकटले. कोंबडीवाल्याला नाही नाही ते बोललो. फिनेलची मोठी बाटली विकत आणून त्याच्या ओट्यावर आपटली. मनात म्हटले, आईसाठी वास हवेत हे मान्य, पण भट्टी आहे, लाँड्री आहे, सोल्यूशन आहे. तीन आहेत, चौथा कशाला?

तो माणूस जाडजूड आहे, पण त्याने बाटली उचलून आत नेली. संध्याकाळी गटारासकट सगळे धुतलेले, डबा आत नेलेला. गल्लीत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला.

९ एप्रिल, बुधवार

कामावरून आलो तर लाँड्रीवाली जिन्यातच उभी.

"तुमच्या आईला मोठ्या रस्त्यावरून धरून आणलंय मी. भट्टीवरून निघाली ती वळलीच नाही, सरळ गेली. गाडीवाला करकचून थांबला म्हणून बरं. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

वर गेलो. आई कांदा चिरत होती. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "कोंबडीवाल्याने दुकान बंद केलं का रे? आज लागलंच नाही."

मी तसाच खाली उतरलो.

"फिनेल टाकू नका," कोंबडीवाल्याला म्हणालो.

"काल तूच बाटली आणून आपटलीस ना?"

"हो."

"माझी आयमाय काढलीस."

"हो. चुकलो. पण टाकू नका. होतं तसंच राहू द्या."

त्याने सुरी पोटावरच्या फडक्याला पुसली. "एवढी वर्षं धंदा करतोय. स्वच्छ ठेव म्हणणारे रोज येतात. घाण ठेव म्हणणारा तू पहिला. डोकं ठिकाणावर आहे ना?"

मग सांगितले. आईचे डोळे, वळण, आजची गाडी. तो ऐकत राहिला. नंतर आत गेला आणि पिसांचा डबा फरफटत बाहेर घेऊन आला. कालपासूनचा सगळा माल त्यात होता. वळणाच्या तोंडाशी ठेवला आणि झाकण काढले.

"इतकं पुरे?"

मला जोराचा उमासा आला. तोंडावर हात दाबून धरला होता, त्यामुळे बोलता येईना. दुसऱ्या हाताने खूण केली: अजून थोडा पुढे.